निरोगी गटातला सत्तावीस नंबर

सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी खोलीत बोलावलं तेव्हा सिस्टर खुशीत होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ती फारशी कुठे खुश दिसणार नाही. तीन वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या दंडाला पट्टा बांधून, त्यांच्या रुसलेल्या शिरा शोधून तिनं रक्त काढलं होतं. आज कुठे त्या रक्ताचा निकाल बघायला मिळणार होता. खोलीत माणसं तीनच. हे संशोधन जिच्या डोक्यातून निघालं ती डॉक्टरीणबाई, रक्त काढणारी आणि स्मरणाची चाचणी घेणारी सिस्टर, आणि आलेल्या प्रत्येक नळीला नंबर चिकटवून ती गोठवून ठेवणारे लेबलकाका.

अभ्यास अल्झायमरचा होता. माणसाचं विसरणं वाढत वाढत शेवटी घरच्यांचे चेहरेही पुसले जातात, त्या आजाराचा. "मेंदूचा आजार ना, मग दंडातलं रक्त कशाला?" असं प्रत्येक म्हातारा विचारायचा आणि सिस्टरचं उत्तर पाठ होतं. आजोबा, शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात ना, त्या या आजारात बदलतात असं दिसायला लागलंय. काही उगाचच बाह्या सरसावून बसतात, समोर कुणी नसताना. काही दमून जातात. हे मेंदूत तर होतंच, पण रक्तातही कळतं का, ते बघायचंय. आजोबांना एवढं पुरायचं. डॉक्टरीणबाईंना मात्र पुढचं हवं होतं, की हा बदल सुरू कधी होतो. म्हणून दोन गट केले होते, एक आजार झालेल्यांचा आणि एक निरोगी म्हाताऱ्यांचा.

पडद्यावर ठिपके होते. आजाऱ्यांचे तांबडे, निरोगी माणसांचे निळे. बरेचसे तांबडे एकीकडे, बरेचसे निळे दुसरीकडे, मध्ये थोडी सरमिसळ. आणि एक निळा ठिपका तांबड्यांच्या घोळक्यात पार आत जाऊन बसलेला.

"हा सत्तावीस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "निरोगी गट. पण हिच्या पांढऱ्या पेशींतल्या टी पेशी बघा. आजार चांगला मुरलेल्या माणसाच्या असाव्यात तशा."

सिस्टरनं पडद्यावरून नजर काढून घेतली. कुठला नंबर कुणाचा, हे तिथे फक्त तिलाच माहीत असायचं. नावांची यादी तिच्या कपाटात, कपाटाची किल्ली तिच्याकडे. सत्तावीस नंबर म्हणजे तिची आई.

"एका नमुन्यावरून काही ठरत नाही म्हणा," डॉक्टरीणबाई बोलत होत्या. "वय असतं, जुने संसर्ग असतात, त्यानंही पेशी अशा होतात. पण त्याच दिवशी आलेला आजारी गटातला एक्केचाळीस बघा. तो इकडे निळ्यांत पडलाय. दोन्ही बायका, वय जवळपास सारखं. मला तर नळ्यांची अदलाबदल वाटते." मग त्यांनी मान वळवली. "सिस्टर, सत्तावीसच्या चाचणीत काही शंका होती?"

"नाही मॅडम," सिस्टर म्हणाली. "पैकीच्या पैकी होते."

यात शब्दही खोटा नव्हता. पैकीच्या पैकीच होते. बाकी सगळं खोटं होतं.

मग उरले कोण? लेबलकाका. सव्वीस वर्षं नळ्यांना नंबर चिकटवणारा हा माणूस कुठेही कोंबलेला कागदाचा कपटा दिसला तरी सरळ करून ठेवणारा. फ्रीजरमध्ये नळ्या ठेवताना त्यांना म्हणायचा, "चला, झोपा आता, दंगा नको." अशा माणसानं खरं तर उसळून म्हणायला हवं होतं, की माझ्या हातून असलं होत नाही. त्याऐवजी चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि म्हणाले, "नोंदवही बघतो मी."

आता दीड वर्ष मागे जायला हवं. त्याशिवाय या बाईनं काय करून ठेवलं होतं ते कळायचं नाही.

तेव्हा निरोगी म्हातारे मिळत नव्हते. आजारी माणसांचे नातेवाईक हात जोडून नावं द्यायचे, पण धडधाकट म्हातारा स्वतःच्या पायांनी येऊन सुई टोचून घेईल, तो कशाला? डॉक्टरीणबाई रोज विचारायच्या, किती झाले? म्हणून आईचं नाव घातलं, असं सिस्टर स्वतःला सांगायची. कसलं डोंबलाचं कारण. खरी गोष्ट वेगळी होती. सुट्टीला आलेला दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, चार दिवस राहून जाताना म्हणाला होता, "आई एकच गोष्ट तीन-तीनदा विचारतेय गं. दाखव कुणाला तरी. तू तर त्यातलीच आहेस."

त्यातलीच आहेस, हे तिला झोंबलं. दादा वर्षातून दोनदा उगवणार आणि आईचं दुखणं हिला सांगणार! आणि आई म्हणजे काय साधी बाई होती? टेलिफोनच्या कचेरीत पस्तीस वर्षं ऑपरेटर. चारशे नंबर तोंडपाठ. आवाज ऐकून माणूस ओळखायची आणि त्याला कुठला नंबर हवाय ते त्यानं सांगायच्या आधी जोडून द्यायची. या बाईचं स्मरण जाणार? सिस्टरला दादाच्या तोंडावर फेकायला एक कागद हवा होता, शिक्का असलेला, निरोगी लिहिलेला.

पण आधी घरीच घेऊन बघावं म्हणून एका संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर आईची चाचणी घेतली. पाच शब्द सांगायचे, मध्ये दुसरं काहीतरी विचारायचं, आणि पाच मिनिटांनी तेच शब्द परत विचारायचे. चावी, नदी, कोट, घंटा, लाल. आईनं दोन सांगितले. मग ओशाळं हसली आणि म्हणाली, "बाकीचे एंगेज आहेत."

रोज दहा जणांची चाचणी घेणाऱ्या बाईला दोन म्हणजे काय ते कळत नव्हतं असं नाही. त्याच क्षणी कळलं होतं. आणि कळल्याबरोबर तिनं काय केलं? शिकवणी लावली. आठ दिवस, रोज संध्याकाळी, पोरांकडून पाढे घोकून घेतात तसे ते पाच शब्द आईकडून घोकून घेतले. घड्याळ काढायला सांगतात, तर अकरा वाजून दहा मिनिटांचं घड्याळ गिरवून घेतलं. तारीख विचारतात, तर त्या दिवशीची तारीख सकाळपासून वदवून घेतली. परीक्षा घेणारीनंच पेपर फोडला, असं काही कुठे झालं नसेल. जवळच्या नातेवाईकाची चाचणी दुसऱ्या कुणी घ्यायची असा नियम होता, म्हणून अर्जावर आईचं माहेरचं आडनाव घातलं. आई बिचारी धुतलेली साडी नेसून, केस नीट बांधून आली. मुलीच्या समोर परक्यासारखी बसली आणि धडाधड उत्तरं दिली. दंड पुढे केला. लेबलकाकांनी नळीवर सत्तावीस चिकटवला.

बाहेर पडताना आईनं विचारलं, "झाले का मी पास?"

"पहिली आलीस," सिस्टर म्हणाली.

त्या रात्रीच दादाला फोन. "पैकीच्या पैकी. आता परत तो विषय काढू नकोस." दादानं माफी मागितली आणि हिनं ती घेतलीसुद्धा.

असा तो सत्तावीस नंबर.

सोमवारी सांगायला हवं होतं. मंगळवारी सांगू, असं तिनं ठरवलं. मंगळवारी लेबलकाका नोंदवह्यांचा ढीग काढून बसले होते आणि दीड वर्षापूर्वीच्या त्या दिवसाच्या पानावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत होते. त्यांच्याशेजारून ती तीनदा गेली. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "सिस्टर, त्या दिवशी मी गडबडीत होतो का हो? तुम्हाला काही आठवतं?"

"छे," ती म्हणाली. "तुम्ही कुठे कधी गडबडीत असता?"

"मलाच आठवत नाही," काका म्हणाले.

तिनं ऐकलं आणि पुढे गेली. बुधवारी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हे मिटेपर्यंत काकांनी एकट्यानं नळ्यांना हात लावायचा नाही, दुसऱ्या विभागातला एक माणूस शेजारी उभा राहील. त्यांनी हे सौम्यपणे सांगितलं, पण सांगितलं. काकांनी मान हलवली. त्या दिवसापासून ते प्रत्येक नंबर मोठ्यानं तीनदा वाचायला लागले. फ्रीजरच्या दारावर चिठ्ठी आली: दार लावलं, दहा वीसला. तिच्याखाली दुसरी: परत बघितलं, दहा पंचवीसला. नळ्यांना झोपा म्हणणं बंद झालं. सिस्टरला ते सगळं दिसत होतं आणि तरी ती आपले चाचण्यांचे कागद आवरत राहायची. तोंड उघडलं की नोकरी जाणार, हे तर होतंच. तिला त्याचं एवढं नव्हतं. तोंड उघडलं की आई आजारी होणार होती. जोवर ती गप्प होती तोवर चूक काकांची होती आणि आई निरोगी होती. इतकं सरळ, इतकं घाण गणित होतं ते. लाज वाटत होती तिला, फार वाटत होती. पण लाज वाटणाऱ्या माणसाला वाटतं की लाज वाटली म्हणजे आपलं अर्धं काम झालं.

गुरुवारी ती घरी आली तर जिन्यातच करपल्याचा वास. आई खुर्चीत शांत बसलेली, शेगडी चालू, आणि पातेलं आतून काळंठिक्कर.

"चहा ठेवलाय तुझ्यासाठी," आई म्हणाली.

सिस्टरनं शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि पातेलं घासायला घेतलं. तेवढ्यात दादाचा फोन. तिनं पातेलं आधी सिंकमध्ये खाली दडवलं. आता फोनमधून दादाला दिसणार होतं थोडंच? पण दडवलं.

"आई कशी आहे?"

"मस्त."

"कोण आहे गं?" आईनं मागून विचारलं.

"दादा."

"त्याला म्हणावं लाइनवर थांब, जोडून देते," आई म्हणाली. दादा पलीकडे हसला. आईला अजून गंमत सुचते, असं म्हणाला. सिस्टरही हसली. आई हसत नव्हती. ती टेबलावर हात फिरवत कशाची तरी वाट बघत होती.

शुक्रवारी दुपारी चाचणीच्या खोलीत शेवटचा माणूस येऊन गेला. सिस्टर कागद आवरत होती, तोच दारावर टकटक झाली आणि लेबलकाका आत आले. दार त्यांनी मागे लावून घेतलं, लागलंय का ते ओढून बघितलं, परत एकदा बघितलं. मग म्हाताऱ्यांच्या खुर्चीत बसले.

"सिस्टर, माझी घ्या," ते म्हणाले.

"काय घ्या?"

"चाचणी. मॅडमना सांगू नका. आधी आपल्यातच बघू." त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, रक्त काढायच्या आधी लोक ठेवतात तसे. "मी चार दिवस बघतोय. नळ्या मी बदललेल्या मला आठवत नाही. मग बदलल्या कुणी? हात माझेच होते. म्हणजे मी बदलल्या आणि विसरलो. आणि विसरलो हेही विसरलो. त्यालाच तर आपण आजार म्हणतो ना?"

"काका, अहो..."

"बायकोला सांगितलंय. ती म्हणाली उगाच काहीतरी. पण रात्रभर तीही झोपली नाही. मग सकाळी म्हणाली, जाऊन या एकदा. रक्तही घ्या माझं. बघू दे, माझ्याही पेशी बिघडल्यात का." त्यांनी बाही वर करायला घेतली. "स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवलाय. निकाल वाईट आला तर देऊन टाकतो. उद्या आणखी कुणाची नळी बदलली तर? एखाद्या आजारी माणसाला मी निरोगी करून ठेवायचो."

सिस्टरला वाटलं, सांगावं. आणि तरीही, काय म्हणावं या बाईला, तिनं कोरा कागद पुढे ओढला. सवयीनं म्हणा, भ्याडपणानं म्हणा. तिनं तारीख विचारली. काकांनी सांगितली. तिनं पाच शब्द सांगितले. काकांनी ते म्हणून दाखवले. तिनं घड्याळ काढायला सांगितलं आणि त्यांनी पट्टी लावून काढावं तसं काढलं. मग तिनं शब्द परत विचारले.

"चावी," काका म्हणाले. "नदी. घंटा. लाल." आणि थांबले.

ते आठवत होते. कपाळावर घाम आला होता. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, परत पहिल्यापासून सुरुवात केली. चावी, नदी. थांबले. घाबरलेलं माणूस पाचातला एक विसरतंच, रोज विसरतं, त्याला काही अर्थ नसतो, हे सिस्टरला माहीत होतं. काकांना ते माहीत नव्हतं. साठीला टेकलेला माणूस, आणि तिच्यासमोर पोरासारखा रडकुंडीला आलेला.

"आलं माझ्यावर," ते म्हणाले. "आलंच."

"काका, सत्तावीस नंबर माझी आई आहे," सिस्टर म्हणाली.

त्यांना कळलं नाही. ती परत म्हणाली. मग थांबलीच नाही. पाच शब्द आईला घरी पढवले ते, घड्याळ गिरवून घेतलं ते, माहेरचं आडनाव, सोमवारी मॅडमनी विचारलं तेव्हा दिलेलं उत्तर, सगळं. काकांकडे बघायचं धाडस नव्हतं, म्हणून ती त्यांनी काढलेल्या घड्याळाकडे बघून बोलत होती. "नळी बदललीच नव्हती. एक्केचाळीस तिकडे पडला तो योगायोग. तुम्ही काही चुकला नाहीत. सोमवारपासून मला माहीत होतं आणि मी तुम्हाला चार दिवस असं..."

काकांनी वर केलेली बाही हळूच खाली घेतली.

"म्हणजे मी ठीक आहे?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

"नक्की? हा एक शब्द राहिला तो?"

"तो घाबरून. नक्की."

आणि काका हसले. अगदी मोकळं, तोंडभर. खुर्चीत मागे रेलले, दोन्ही हातांनी तोंड पुसलं, आणि "हुश्श" म्हणाले. मग मध्येच त्यांच्या लक्षात काय आलं ते दिसलं. हसू तिथेच थबकलं. त्यांनी घाईनं चेहरा सरळ केला आणि खाली बघितलं. आपण हिच्या आईच्या जिवावर हसलो, असं त्यांना वाटलं असणार. लाज त्यांना वाटली! त्यांनी शिव्या दिल्या असत्या, कागद फाडून तोंडावर मारला असता तरी सिस्टरनं ते घेतलं असतं. हे घेववेना.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बायकोचा. ती घरी फोन हातात धरूनच बसली असणार.

"हो, झाली," काका म्हणाले. "नाही गं, काही नाही मला. नळी बदललीच नव्हती. हो, खरंच. रडतेस काय आता?" मग थोडं थांबून, "नाही, ती बाईच आजारी होती. कोण ते नाही सांगता येत. नियम असतो."

"सांगा त्यांना," सिस्टर म्हणाली.

काकांनी मान हलवून नको म्हटलं. सिस्टरनं हात पुढे केला. त्यांनी फोन दिला.

"काकू, मी सिस्टर. ती माझी आई आहे. तिला अल्झायमर आहे. मला दीड वर्षापासून कळलेलं आहे आणि मी लपवलं. तुमच्या यजमानांवर ढकललं."

हा शब्द आईच्या नावापुढे लावून ती पहिल्यांदाच बोलत होती. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. सिस्टर वाट बघत उभी राहिली. काय बोलतील ते सगळं ऐकायचं, मध्ये तोंड उघडायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

"दीड वर्ष," काकू म्हणाल्या. "औषध चालू आहे का काही?"

"नाही."

"घरात आणखी कोण असतं?"

"कुणी नाही."

"मग आत्ता आईजवळ कोण आहे?"

सिस्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. सव्वातीन झाले होते. ती सकाळी आठला दार ओढून निघायची आणि साडेपाचला परत यायची. दीड वर्ष, रोज. निरोगी माणसाजवळ कुणी कशाला बसायला हवं?

"एकटी आहे," ती म्हणाली.

काकूंनी फोन ठेवला नाही. काकांनी उठून सिस्टरची पर्स कपाटावरून काढली, तिच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं. "मॅडमना सोमवारी सांगा," ते म्हणाले. "आधी घरी जा."